आई वळत नाही

फिलोमिनाकाकूंचा फोन आला तेव्हा मी डाळ भिजत घालत होते. "गेले गं तुझे सर," एवढंच त्या म्हणाल्या. मग, जणू मलाच सांभाळायचं आहे अशा आवाजात, "सकाळी चहा दिला. दोन चमचे घेतला आणि मान टाकली. त्रास नाही झाला." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याची बातमी यावी आणि आपल्या तोंडून "बरं" निघावं! फोन ठेवला, डाळीचं पाणी बदललं, पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा बदलताना लक्षात आलं की मी रडत नाहीये, चिडलेय. आज पाच आठवडे झाले. चीड आहे तशीच आहे आणि ती सरांवर नाही, माझ्यावर आहे. ती कशाची, ते सांगितल्याशिवाय मला सरांविषयी दुसरं काही लिहिता येणार नाही.

इनास सर, म्हणजे फिलोमिनाकाकूंचे यजमान, वसईजवळच्या वटारचे. केळीची वाडी, थोडी पानवेल, दारात एक जुनी विहीर. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. मी लग्न होऊन साताऱ्याकडून बोळिंजला आले आणि त्याच शाळेत लागले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मला पहिल्यांदा खुर्ची सरकवून देणारे हेच. ते सगळ्या शिक्षिकांना 'बाई' म्हणत. मला मात्र दुसऱ्याच वर्षी 'तू' म्हणायला लागले, आणि त्याचं कारण नाटक. वसईत हौशी नाटकाचं वेड किती आहे ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. गावच्या चर्चचा सण असो, शाळेचं संमेलन असो, सोसायटीचा वर्धापनदिन असो, तीन अंक झाल्याशिवाय कुणाला जेवण गोड लागत नाही. सरांनी यातलं एकही नाटक सोडलं नसेल. स्वतः मात्र आयुष्यात कधी तोंडाला रंग लावला नाही. "मला स्टेजवर पाय ठेवला की उचकी लागते," म्हणायचे, आणि ते खरं होतं. निरोपसमारंभाच्या भाषणातही लागली होती.

त्यांचं काम बघण्याचं. आणि बघून झालं की सांगण्याचं. त्याची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात कुणासाठीही बदल होत नसे. प्रयोग संपला की कुणाशी चकार शब्द न बोलता घरी जायचं. पात्रं पाया पडायला आली तरी "उद्या" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकातलं मुख्य पात्र जिच्याकडे असेल तिच्या घरी सायकलने जायचं, हातात वाडीतल्या कच्च्या केळ्यांची फणी. दाराची बेल वाजवायची नाही, लोखंडी जाळीवर सायकलच्या किल्लीने टकटक करायची. मग स्वयंपाकघरात बसून, चहा पीत, एकेकाचं सांगायचं. आणि सुरुवात पडदेवाल्यापासून! पडदा कसा उघडला, दिवे कुणी लावले, कपडेपट कुठे फसला, नोकराचं काम करणाऱ्याने ट्रे कसा धरला... असं करत करत सगळ्यांत शेवटी मुख्य पात्र. मी एकदा वैतागून विचारलं होतं, "सर, माझा जीव टांगणीला लागतो, आधी माझं सांगून टाका ना." तर म्हणाले, "तुझं आधी सांगितलं की तू बाकीच्यांचं ऐकणार नाहीस. आणि नाटक बाकीच्यांनीच केलेलं असतं, बाय."

आमच्या आयुष्यात नाटकं खूप आली, पण सरांचं खरं नाटक एकच. जुनं, तीन अंकी, आमच्या तालुक्यात इतक्या वेळा झालंय की लोक त्याला नावाने ओळखतच नाहीत, 'आईचं नाटक' म्हणतात. मीही तेवढंच म्हणते. पहिल्या अंकात मुलगा आजारी बापाला टाकून घर सोडून जातो. दुसऱ्यात बाप जातो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी आई प्रेक्षकांकडे तोंड करून तांदूळ निवडत बसलेली, तिच्या पाठीमागे दार, आणि त्या दारात इतक्या वर्षांनी मुलगा येऊन उभा राहतो. "आई, मी आलो," म्हणतो. यानंतर नाटककाराने फक्त तीन शब्द लिहिलेत : 'आई वळत नाही.' मग पडदा.

सरांचं म्हणणं, अख्खं नाटक त्या तीन शब्दांसाठी आहे. आणि आमच्याकडचा प्रत्येक दिग्दर्शक त्या तीन शब्दांवरच हात मारायचा. एकाने आईला वळवून मुलाला मिठी मारायला लावली. एकाने तिला चक्कर आणली. एका महाभागाने तर तिथे चार कडव्यांचं गाणं घातलं आणि मुलगा दारात ताटकळत उभा, गाणं संपायची वाट बघत! सर हे सगळं बसून बघायचे. चिडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे सांगायचे, "ती वळली की आम्हाला तिची पाठ दिसते. तिचा चेहरा बघायला तर आम्ही तीन अंक बसलो होतो." त्यांनी पाहिलेला सगळ्यांत उत्तम प्रयोग कुठला, तर एका गावच्या सणातला. मुलगा दारात आला आणि दाराची चौकटच त्याच्या अंगावर कोसळली. प्रेक्षक हसून लोळले. आईचं काम करणारी बाई गावातलीच, भाजी विकणारी. ती जागची हलली नाही. मागे धडाम् आवाज झाला, हसण्याचा गदारोळ झाला, तरी हिचा हात तांदळात चालूच. "हळूहळू हसणं थांबलं," सर सांगायचे, "आणि मग इतकी शांतता झाली की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती खरी आई!"

मी ती आई चारदा केली. पहिल्यांदा शिक्षकांच्या स्पर्धेत, बत्तिसाव्या वर्षी, केसांना पावडर फासून. दुसऱ्या दिवशी सर आले, चहाचे दोन कप झाले, पडदेवाला ते बाप सगळं सांगून झालं आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "वळली नाहीस. पण मान वळायला तयार होती, ते दिसलं. बरं होतं." त्या 'बरं होतं'वर मी महिनाभर हवेत होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "या वेळी हट्टाने बसलीस. हट्ट वेगळा, आई वेगळी." तिसऱ्यांदा मी शेवटच्या क्षणी रडले. समोरच्या बायका हुंदके देत होत्या, मला वाटलं आता सर नक्की पाघळणार. कसलं काय! म्हणाले, "रडली कोण? तू रडलीस. आई रडली नाही." मी इतकी संतापले की केळी परत नेऊन द्यायला निघाले होते. मोहन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, केळ्यांचा काय गुन्हा?"

मोहनला जाऊन आता अडीच वर्षं होतील. नंतर मी वर्षभर घराबाहेर फारशी पडत नव्हते. सोसायटीने हिवाळ्यात नाटक करायचं ठरवलं तेव्हा सरच म्हणाले, "आता कर. आता पावडर लागणार नाही." मुलाचं काम जनार्दनने केलं. हा पाचूबंदरचा, माझा जुना विद्यार्थी, चाळिशीचा गडी, स्वतःची बोट आहे. मागे एका बाहेरच्या दिग्दर्शकाने त्याला 'पानी' नको 'पाणी' म्हण म्हणून चारचौघांत तीनतीनदा सुधारलं होतं. सर तालमीला बसले होते. म्हणाले, "राहू द्या हो. त्याला त्याच्या आईने पानीच पाजलंय. या नाटकातल्या आईलाही तेच पाजू दे." तेव्हापासून जनार्दन सरांवर जीव टाकायचा. पडद्याला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिर्केभाऊ, पोस्टातून निवृत्त झालेले. दोरी हातात घेतली की चेहरा असा, की जणू बँकेच्या तिजोरीवर पहारा करतायत.

तालमीत मी एकदाही वळले नाही. वळायचं डोक्यातही नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी जनार्दनचा घसा बसला होता, आठवडाभर समुद्रावर होता. एरवी तो ते वाक्य खणखणीत टाकायचा. त्या दिवशी आवाज आला तो खाली, दमलेला. "आई, मी आलो." त्यातलं 'आई' मला धड ऐकूच आलं नाही. 'मी आलो' तेवढं आलं... आणि मी वळले. कशी वळले ते मला माहीत नाही. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्याही आल्या, आणि पडदा काही पडेना. शिर्केभाऊंना खूण होती की आई वळत नाही आणि मग पडदा. आई वळल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बराच वेळ मी तशीच, प्रेक्षकांकडे पाठ करून. मग पडला एकदाचा. लोक भेटायला आले, मोबाइलवर फोटो झाले. सर नेहमीप्रमाणे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीवर टकटक. शेवटची दोन वर्षं सर रिक्षाने यायचे, सायकल वाडीत गंजत पडली होती, पण किल्ली खिशात असायचीच. केळी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले. "शिर्के," त्यांनी सुरुवात केली, "पडदा थांबला. त्यांना कळत नव्हतं तरी घाई केली नाही, हे फार चांगलं केलं." मग दिवे. मग शेजारणीचं काम, मग डॉक्टरचं. मग जनार्दन. जनार्दनचं तर इतकं कौतुक, इतकं कौतुक, की माझा चहा गार झाला. आणि माझ्या डोक्यात एकच. वळल्याचं काय म्हणणार? पुन्हा तेच, 'तू वळलीस, आई वळली नाही'? त्या दिवशी मला ते सोसलं नसतं. खरं सांगते, नसतंच सोसलं. जनार्दनचं संपलं, त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणाले,

"सर, माझं राहू द्या. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार ते."

"ठाऊक आहे? मग सांग की."

"नको. आज नको."

इतक्या वर्षांत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. कुणी जाळी लावून घेतली असेल, कुणी भांडलं असेल, पण 'माझं सांगू नका' असं नाही. ते जरा गोंधळले. मग हसले, ओट्यावरच्या केळ्यांकडे बोट दाखवलं. "तांदळात घाल. चार दिवसांत पिकतील. तेव्हा येतो." दारात चपला घालताना पुन्हा थांबले, काहीतरी म्हणणार होते असं मला आज वाटतं. मी जाळी उघडून उभी होते. बोलावं तरी कसं माणसाने?

तिसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौथ्या दिवशी मी तांदळातली पिकलेली केळी काढून पिशवीत घातली आणि रुग्णालयात गेले. काकू म्हणाल्या, "गिळता येत नाही गं त्यांना." ती पिशवी हातात घेऊन मी अर्धा तास उभी होते. कुठे ठेवू तेही सुचेना.

वाचा गेली म्हणजे सगळीच गेली नाही. एक शब्द राहिला. "पुढे." पस्तीस वर्षं वर्गात पोरांना वाचायला लावून, अडखळलं की "हं, पुढे" म्हणायचे, तोच. पाणी पाजलं, "पुढे". फादर येऊन प्रार्थना म्हणून गेले, "पुढे". नर्सने चादर बदलली, "पुढे". आमच्यापैकी काहीजण भारावून गेले, सरांनी जाता जाता आपल्याला संदेश दिला म्हणे! डोंबलाचा संदेश. त्यांना काहीतरी वेगळं म्हणायचं असायचं आणि तोंडातून तेच यायचं. मग ते डावी मूठ गादीवर आपटायचे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी संदेश वगैरे बोलू नये.

घरी आणल्यावर मी दर दोन दिवसांनी वटारला जायचे. एके दुपारी काकू वाडीत गेल्या होत्या. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, "सर, माझं चुकलं का?" "पुढे." "वळले ते बरोबर होतं?" "पुढे." मी म्हटलं हाताने सांगा, चुकलं असेल तर माझा हात दाबा. त्यांनी दाबला. म्हटलं, बरोबर असेल तर दाबा. तेव्हाही दाबला. मग मीच सांगायला लागले. सर, मोहन तीस वर्षं ऑफिसातून यायचा, दारातून "आलो गं" म्हणायचा. दमलेला असायचा. मी ओट्याशी. कधी पोळ्या, कधी वह्या तपासणं, कधी तांदूळ. न बघताच म्हणायचे, "हातपाय धुवा, चहा ठेवते." तीस वर्षांत मी एकदाही वळले नाही, सर. राग नव्हता, काही नव्हतं. काम असायचं. आणि जनार्दनचा आवाज त्या दिवशी तसा आला. म्हणून वळले. आई वळली की मी, मला नाही सांगता येत. तुम्हालाच येईल ते. सर माझ्याकडे बघत होते. डोळे अगदी स्वच्छ, वर्गात बघायचे तसे. "पुढे," म्हणाले. मी म्हटलं, "पुढे काही नाही, सर. एवढंच." "पुढे." "संपलं सर..." "पुढे." मला पुढचं काही येत नव्हतं. मी त्यांचा हात धरून मोठमोठ्याने रडले, आणि काकू हातातलं टोपलं तसंच टाकून धावत आल्या.

जनार्दनलाही विचारून झालं. मी वळले तेव्हा माझा चेहरा बघितला असेल तर त्याने एकट्याने. बाकी साऱ्या हॉलला माझी पाठ. "खरं सांग, काय होतं माझ्या तोंडावर?" तर म्हणतो, "बाई, तुम्ही वळलात आनि मला काय करावं कळेना. मी खाली बघितलं. तुमच्या पायांकडं." म्हणजे कुणीच बघितलं नाही! मग मी शिर्केभाऊंच्या पडद्याला धरून बसते. पडदा थांबला ते 'फार चांगलं केलं', असं सर म्हणाले होते. म्हणजे वळल्यावर बघण्यासारखं काही होतं? की माझी चूक पडद्याने सावरून घेतली? एका वाक्याचा किती कीस काढावा माणसाने... पण माझ्याकडे तेवढंच आहे.

सरांना वटारच्या चर्चच्या आवारात मातीत ठेवलं तेव्हा भाषणं झाली. एकही त्यांच्या हातून पास झालं नसतं. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. मूठभर माती टाकली. शेजारी जनार्दन रुमालात तोंड खुपसून उभा होता, शिर्केभाऊ दोन्ही हात खाली सोडून. आम्हा सगळ्यांचं सांगून झालेलं होतं. माझं सोडून.

चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे सरांसाठीच्या प्रार्थनेनंतर, काकूंनी मला घरी थांबवून घेतलं. कपाटातून त्या नाटकाची सरांची प्रत काढली, पाठ सुटलेली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या. शेवटचं पान उघडलं तर 'आई वळत नाही' या ओळीच्या आजूबाजूला, वर, खाली, समासात, बारीक पेन्सिलीने गावांची नावं. प्रत्येक नावापुढे एक आडवी रेघ आणि चारदोन शब्द. 'चौकट पडली. बसली. उत्तम.' 'गाणं. अरेरे.' 'शाळा — मान तयार. बरं.' 'शाळा — हट्ट.' 'शाळा — स्वतः रडली.' काकू म्हणाल्या, "प्रयोग बघून आले की नुसतं गावाचं नाव लिहायचे. बाकीचं दुसऱ्या दिवशी, सांगून आल्यावर. ज्याचं त्याला सांगितल्याशिवाय कागदाला सांगायचं नाही, असा त्यांचा नेम." अगदी खाली, पानाच्या कडेला, शेवटचं नाव होतं. 'बोळिंज —'. रेघेपुढे काही नाही. मी पान उजेडात धरून पाहिलं, खोडल्याची खूणही नाही. सांगू दिलं नाही मी, तर लिहितील कसे?

काकू आता अधूनमधून वाडीतली फणी पाठवतात. कच्ची असतात, मी तांदळाच्या डब्यात घालते. चौथ्या दिवशी डबा उघडला की घरभर वास सुटतो आणि माझी ती सकाळ काही खरी नसते. सरांची खुर्ची ओट्याशी तशीच ठेवलीय. मी दाराकडे पाठ करून कामाला लागते. बेल न वाजवता जाळी वाजवणारं हल्ली कुणी नाही, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी सोडून. त्यांच्या हातात बांगड्या आहेत, आवाज पुष्कळसा तसाच येतो. कालही आला. हातातले तांदूळ ओट्यावर सांडले इतक्या झटक्याने मी वळले. मावशी माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "काय झालं हो बाई?" म्हणाल्या.